हसऱ्या पत्रामागचा हिशेब



लावणी आटोपली. रोपांनी मूळ धरले, खाचरांत पाणी उभे आहे आणि बेणणीला अजून चार दिवस अवकाश आहे. दर खेपेला मी या जागेवरून तुमच्याशी खतमात्रा, खोडकिडा आणि करपा यांच्याविषयी बोलतो. आज मात्र विषय जरा वेगळा घेतो. याच दिवसांत आपल्या घराघरांतले एखादे पोर बारावी होऊन शहरातल्या कॉलेजात गेलेले असते. कुणाचा मुलगा वसतिगृहात असतो, कुणाची लेक मामाकडे राहून शिकते. तेव्हा आज बोलूया कॉलेजच्या गमतीजमतींविषयी, म्हणजे कॉलेजवर लिहिलेल्या विनोदी गोष्टी-कादंबऱ्यांविषयी. तुम्ही म्हणाल, साहेबांचे डोके फिरले काय? शेतकऱ्याला कादंबरीशी काय करायचे? पण जरा थांबा. या हसण्यात आपला पैसा गुंतलेला आहे आणि आपले पोरही गुंतलेले आहे.

मी राहतो नवी मुंबईत, नेरूळला. कामासाठी पनवेल-उरणकडच्या गावांत जावे लागते. मागच्या आठवड्यात सकाळच्या गाडीत माझ्या शेजारी कॉलेजची पाच-सहा पोरे उभी होती. एक जण गोष्ट रंगवून सांगत होता. त्यांच्या वर्गात म्हणे खेड्यातला एक नवा मुलगा आला. सरांनी विचारले, "तुझा मेल आयडी काय?" तर तो म्हणाला, "सर, आमच्या स्टेशनवर मेल थांबत नाही, फक्त पॅसेंजर थांबते." पोरे खो खो हसली. मलाही हसू आले, खोटे कशाला बोलू? अशी गोष्ट घडलेली नसणार हे उघड आहे. आज खेड्यातले पोर मोबाइलवर बाजारभाव बघते, पीक विम्याचा अर्ज भरते. त्याला ईमेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

पण माझे लक्ष दुसरीकडे गेले. सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो एक सावळा, काटक मुलगा. त्याने वरची कडी धरली होती आणि त्याच्या डाव्या करंगळीवर विळ्याचा जुना व्रण होता. भात कापताना मूठ धरलेल्या हाताला लागतो, तोच. तसाच व्रण माझ्याही करंगळीवर आहे, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. म्हणजे विनोद ज्याच्यावर होता, त्याच्याच घरचे पोर सर्वांत मोठ्याने हसत होते. खारघरला ती पोरे उतरून गेली. मी पनवेलपर्यंत त्या व्रणाचाच विचार करीत बसलो.

मंडळी, हसणे दोन तऱ्हेचे असते. एक, चारचौघांत आपण वेगळे दिसू नये म्हणून माणूस हसतो. दुसरे, आपल्यावर काय गुदरले ते सांगायला शब्द सापडत नाहीत म्हणून हसतो. कॉलेजवरच्या चांगल्या विनोदी पुस्तकांत हे दुसरे हसू असते. ते ओळखता आले, तर आपल्या पोरांचेही ओळखता येईल.

जरा मागे जाऊन बघू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. पण शेतकऱ्याच्या घरातून कॉलेजात जाणारा मुलगा त्यानंतर कितीतरी वर्षे विरळाच होता. त्यामुळे जुन्या मराठी कादंबरीत कॉलेज आले की त्यात शहरातली सुखवस्तू मंडळी असायची. ना. सी. फडके हे स्वतः कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या प्रेमकथा वाचून कित्येक तरुणांनी कॉलेजची स्वप्ने पाहिली. त्यांत आपल्यातला कोणी सहसा नायक नव्हता. खेडूत आलाच तर निरोप घेऊन यायचा किंवा भाजी.

मग दिवस पालटले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांनी शेतात राबून शिक्षण घेतले. कृषी शिक्षणासाठी राहुरीला १९६८, अकोल्याला १९६९, तर परभणीला आणि दापोलीला १९७२ साली विद्यापीठे झाली. धोतर-पटक्यातले बाप पोराची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहू लागले. आणि जिथे आपला माणूस पोचतो, तिथे आज ना उद्या आपली गोष्टही पोचतेच.

ती गोष्ट १९६३ साली आली. पुस्तकाचे नाव 'कोसला', लेखक भालचंद्र नेमाडे. नेमाडे हे खानदेशातल्या सांगवी गावचे, शेतकरी कुटुंबातले, जन्म १९३८ चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पंचविशीत असताना ही कादंबरी लिहिली. पुढे त्यांना २०१४ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते चौथे मराठी लेखक.

कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेले घर. तुमच्यापैकी कोणी रेशीम किडे पाळत असेल, तर त्यांना हे नाव समजावून सांगायला नको. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हा खात्यापित्या शेतकरी घरातला मुलगा. तो पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो. तिथे त्याला वाटते, आपण मोठे व्हावे, चार लोकांत मिसळावे. म्हणून मेसचा कारभार अंगावर घेतो, वक्तृत्वाच्या मंडळात शिरतो, स्नेहसंमेलनाच्या खटपटीत पडतो, मित्रांना खाऊपिऊ घालतो. लोक त्याच्या मोकळेपणाचा फायदा उठवतात. खर्च वाढतो, अभ्यास मागे पडतो, परीक्षेत पाय घसरतो. आणि हे सगळे तो आपल्याला सांगतो ते हसत हसत. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द तो इतक्या वेळा वापरतो की ही कादंबरी वाचून त्या काळातली कॉलेजची पोरेही तसेच बोलू लागली.

या पुस्तकात मेसचा गोंधळ आहे, खोल्यांतल्या रिकाम्या चर्चा आहेत, प्राध्यापकांचे नमुने आहेत आणि मोठेपणाचा आव आणणारी पोरे आहेत. हसून हसून पुरेवाट होते. पण मधेच पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. वाचणाऱ्याचे हसू तिथल्या तिथे थिजते. मग कळते की हा पोरगा हसतो आहे ते मजेत आहे म्हणून नव्हे. घरी बापाशी बोलता येत नाही, शहरात कोणापाशी मन मोकळे करता येत नाही आणि गावी परत जायला तोंड नाही. शेवटी तो परीक्षेत नापास होऊन गावी येतोच. म्हणून त्याने आपल्याभोवती हसण्याचा कोसला विणला आहे.

बाप-लेकाचे भांडण या पुस्तकात फार खरे आहे. बाप व्यवहारी, करडा, गावात वजन असलेला. तो पैसे पाठवतो आणि हिशेब मागतो. मुलगा पैसे घेतो आणि मनात धुमसतो. दोघांत बोलणे होते ते पैशाचेच. मंडळी, छातीवर हात ठेवून सांगा, आपल्या घरात याहून वेगळे काय होते? फोन आला की आपण विचारतो, "किती पाहिजेत?" पोर आकडा सांगते. संपले बोलणे.

मला विचाराल तर हे पुस्तक बापाने आणि पोराने दोघांनी वाचावे, पण एकमेकांसमोर बसून नको, एकामागून एक वाचावे. त्यातली भाषा वसतिगृहातली आहे, सोवळ्यातली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून मला बोल लावू नका.

पुढे नेमाड्यांनी चांगदेव पाटील नावाच्या तरुण प्राध्यापकावर चार कादंबऱ्या लिहिल्या. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' ही त्यांची नावे. त्यांत हसण्याची पाळी मास्तर मंडळींवर येते. चांगदेव या गावच्या कॉलेजातून त्या गावच्या कॉलेजात नोकरी बदलत फिरतो आणि आपल्याला संस्थेचे राजकारण, प्राध्यापकांच्या कंपूशाह्या आणि लहान गावातले मोठे दिखावे दिसत जातात. जरीला म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला विचारावे लागते. खानदेशातल्या कापूसवाल्याला विचारावे लागत नाही, कारण ते कपाशीच्या जुन्या वाणाचे नाव आहे. आणि झूल तर पोळ्याला आपण बैलाच्या पाठीवर घालतोच. कॉलेजच्या कादंबरीला कपाशीचे आणि बैलाच्या झुलीचे नाव! आपला माणूस तिथे पोचला तो असा.

आता कोणी म्हणेल, हे आपल्याकडेच चालते. तसे नाही. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांनी १९६८ साली 'राग दरबारी' लिहिली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाव शिवपालगंज, आणि गावातले कॉलेज वैद्यजी नावाच्या पुढाऱ्याच्या मुठीत. सहकारी संस्थाही त्याच मुठीत, आणि तिच्यातल्या गव्हाला पाय फुटलेले. विज्ञान शिकवणारे मास्तर मोतीराम यांची स्वतःची पिठाची गिरणी आहे. वर्गात घनतेचा धडा चालू असतानाही त्यांच्या तोंडी गिरणीचेच उदाहरण येते आणि अर्धे चित्त गिरणीकडेच असते. वाचताना हसू आवरत नाही. पण तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन आलात की तेच पुस्तक पुन्हा उघडून बघा, हसू थोडे कडू लागेल.

साहेबांच्या देशातही हेच. किंग्जली एमिस नावाचे लेखक स्वतः विद्यापीठात शिकवीत. त्यांनी १९५४ साली 'लकी जिम' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातला जिम हा इतिहासाचा नवखा प्राध्यापक. नोकरी अजून पक्की झालेली नाही, म्हणून वरिष्ठांच्या घरी पाहुणा होऊन जातो आणि रात्री सिगारेटने त्यांचीच पांघरुणे जाळून ठेवतो. मग जळलेला भाग दिसू नये म्हणून तो दाढीच्या पात्याने कापत बसतो! शेवटी भर सभेत भाषणाला उभा राहतो तो पिऊन. सगळे हसतात. पण मुळात भीती कशाची? नोकरी जाण्याची. तिथेही हसण्याच्या खाली पोटाचाच प्रश्न आहे.

पुस्तकांचे झाले. आता घरचे एक सांगतो. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

मी रायगडातल्या एका भातशेतीवाल्याचा मुलगा. बी.एस्सी. कृषीला गेलो तेव्हा घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच. त्या वेळी फोन गावात एकच, तोही बहुधा बंद. मी महिन्याला एक आंतरदेशीय पत्र लिहायचो. पत्रे मजेशीर लिहायचो. मेसच्या आमटीत डाळ शोधायला कशी बॅटरी लागते, खोलीतला जोडीदार झोपेत कसा बैल हाकतो आणि मी कसा दचकून बाजूला सरकतो, असले काही. वडील दोन यत्ता शिकलेले. ते पत्र शेजारच्या गुरुजींकडून ओटीवर मोठ्याने वाचून घ्यायचे. आळीतली दहा-पंधरा माणसे जमायची. सगळी पोट धरून हसायची. "पोरगा मजेत आहे," असे म्हणत घरोघरी जायची.

पोरगा मजेत नव्हता. पहिल्याच वर्षी मी सांख्यिकी या विषयात नापास झालो होतो. इंग्रजीतून शिकवलेले निम्मे कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. ही गोष्ट मी घरी कळवली नाही. उलट त्या महिन्याचे पत्र सगळ्यांत विनोदी लिहिले आणि शेवटी एक ओळ घातली की पुस्तकांसाठी थोडे जास्त पैसे पाठवा. ते पैसे पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी होते. मनीऑर्डर आठ दिवसांत आली.

शिमग्याला घरी गेलो. अंगणाच्या कडेला पेंढ्याचा ढीग असायचा, तो दिसला नाही. बैल पावसाळ्यापर्यंत त्याच्यावर जगायचे. आईला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकांना पैसे कमी पडले ना? तबेलेवाले आले होते, त्यांना दिला." मी काही बोललो नाही. जेवण घशाखाली उतरेना. रात्री ओटीवर वडिलांजवळ जाऊन बसलो आणि एका दमात सगळे सांगून टाकले.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मी विचारले, "कसं काय, बाबा?"

म्हणाले, "अरे, पीक चांगलं आलं की शेतकरी कुरकुर करतो. भाव नाही, मजूर नाही, असं म्हणत फिरतो. आणि पीक बुडालं की पारावर बसून थट्टा करतो. तुझ्या आधीच्या पत्रांत जरा कुरकुर असायची. त्या पत्रात नुसतं हसूच होतं. तेव्हाच म्हटलं, पोराचं शेत बुडालं."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. पेंढा काय, पुढल्या साली परत होईल."

मंडळी, मी पुढे सांख्यिकीचे पुस्तक छातीशी धरून झोपलो आणि तो विषय सुटला. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. विनोदी लेखनावर विद्वानांची पुस्तके पुष्कळ असतील. पण दोन यत्ता शिकलेल्या माझ्या बापाने त्या रात्री ओटीवर जे सांगितले, त्याहून नेमके मी कुठे ऐकले नाही. एक चूक मात्र त्यांचीही झाली आणि माझीही. ते विचारायचे थांबले आणि मी सांगायचा थांबलो. त्यात बैलांचे वैरणीवाचून हाल झाले.

आता नवी मुंबईची एक गोष्ट, कारण मी राहतो तिथे हे हसू जास्तच विचित्र झाले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत मोबदल्यासाठी आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. मग साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आज त्या खाचरांवर आणि मिठागरांवर उंच इमारती आहेत आणि त्यांत कॉलेजेही पुष्कळ आहेत.

माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांची शेती अशीच गेली. आज त्या जागेजवळच्या कॉलेजात त्यांची नात शिकते. एकदा ती डबा विसरली म्हणून आजोबा लंगोटी नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून, डबा घेऊन फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने अडवले. "पास आहे का?" आजोबा म्हणाले, "अरे, मी इथं येत होतो तेव्हा तुझं फाटक नव्हतं. बांध होता. आणि बांधाला पास लागत नाही." आसपासची पोरे हसली. नात धावत आली, डबा घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, परत येऊ नका."

त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. मला त्यांनीच हे सांगितले. पण गोष्ट तिथे संपली नाही. नातीलाही रात्रभर झोप नव्हती. वर्षअखेरीला कॉलेजच्या वार्षिक अंकात तिने तीच हकिकत लिहिली. फाटक, पास, बांध आणि डबा यांतले काही तिने लपवले नाही. "परत येऊ नका" हे आपले वाक्यही गाळले नाही. लेख मजेदार झाला होता. पोरे पुन्हा हसली. पण या वेळी ती आजोबांना हसली नाहीत. बहुतेकांना पहिल्यांदाच कळले की आपण ज्या वर्गात बसतो, तिथे कोणाचे तरी भात उभे असायचे. आजोबांना वाचता येत नाही. ते तो छापील कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतात आणि भेटेल त्याच्याकडून वाचून घेतात. माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला आहे.

गाडीतल्या त्या करंगळीवाल्या मुलाला मला एवढेच सांगायचे होते. बाबा रे, हसायचे तर हस. पण एकदा आपली गोष्ट आपण सांगून बघ. पॅसेंजर थांबणाऱ्या स्टेशनवरून तू कसा आलास, ते सांग. तुझ्या तोंडून ती गोष्ट ऐकून लोक हसतील आणि हसता हसता गप्पही होतील.

तेव्हा आता माझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे चार कामाच्या गोष्टी.

पहिली. पोराला फोन कराल तेव्हा गुण आणि पैसे यांच्या आधी मेसचे जेवण आणि खोलीतला जोडीदार यांची चौकशी करा. खरे दुखणे तिथूनच बाहेर येते. आणि पोर सलग दोन-तीन वेळा नुसत्या गमतीच सांगू लागले, तर जाऊन भेटून या. मावा पडला की नाही, हे पान उलटे करून बघावे लागते, तसेच हे आहे.

दुसरी. पैसे एकदम पाठवू नका, हप्त्याने पाठवा. भाताला सगळा युरिया लावणीलाच टाकला तर निम्मा पाण्याबरोबर वाहून जातो. थोडा लावणीला, थोडा फुटव्यांच्या वेळी, थोडा पोटरीच्या आधी, असे आपण करतो ना? कॉलेजच्या पोराचेही तेच. आणि हप्ता देताना टोमणा मारू नका. टोमण्याने फुटवे येत नाहीत.

तिसरी. घरचा हिशेबही पोराला सांगा. कर्ज किती, पीक कसे, पेंढा विकला की काय, हे त्याला कळू द्या. आपण लपवतो ते त्याच्या भल्यासाठी, असे आपल्याला वाटते. पण बाप लपवतो तेव्हा पोरही लपवायला शिकते. नापास होणे म्हणजे एक हंगाम जाणे, रान जाणे नव्हे, हेही एकदा स्पष्ट बोलून टाका.

चौथी. गंमत आणि छळ यांत फरक करा. नव्या पोराला नाचवणे, त्याच्या बोलीची, जातीची, कपड्यांची टर उडवून त्याला रडवणे ही गंमत नाही. महाराष्ट्रात १९९९ सालापासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराने तसे काही सांगितले तर "सहन कर, मोठा हो" असे म्हणू नका. प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.

गणपतीला पोरे घरी येतील. आरती झाल्यावर, मोदक खाऊन झाल्यावर ओटीवर बसतील आणि कॉलेजच्या गमती सांगू लागतील. तुम्ही हसा, मोकळेपणाने हसा. मग बाकीची मंडळी पांगली की त्याला हलकेच विचारा, "आणि बाकी?" एवढाच प्रश्न. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा वेळ थांबा. माझ्या वडिलांनी तो प्रश्न विचारला असता तर आमच्या बैलांचा पेंढा वाचला असता.

गावच्या वाचनालयात 'कोसला' असेल तर बेणणी होईपर्यंत वाचून काढा. पावसात वाचायला बरी आहे. पुढच्या खेपेला पुन्हा आपल्या खोडकिड्याकडे वळू. तोवर खाचरातल्या पाण्यावर लक्ष ठेवा. आणि पोराला आज एक फोन करा.

तुमचा,
विस्तार अधिकारी